मी बाहेर गेलोच नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा चेंडू आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. छत्र्या, चपला, पाट्या आपापली कहाणी सांगतात तेव्हा कशा डोळ्यांत पाणी आणून सांगतात. झालं गेलं विसरून गेलो म्हणतात. मी काही विसरलो नाही आणि कुणाला माफही केलं नाही. मी सूड घेतला, चवीनं घेतला, आणि आता तोच तुम्हाला सांगायला बसलोय. जवळ सरका.

मी मूळचा गाईचा. गाईच्या कातड्याचे तुकडे कापून एका बाईनं मला मेणाच्या दोऱ्यानं शिवलं. तिचा अंगठा इतका कडक होता की सुई टोचली तर सुईच वाकायची. आणि गाईचं तुम्हाला माहीत आहे. एखाद्याला लाथ मारायची असं तिनं ठरवलं, की ती महिनाभर गप्प उभी राहील, रवंथ करील, तो माणूस बादली घेऊन निर्धास्त खाली बसेल, आणि मग हाणील. तो गुण माझ्या कातड्यात उतरलाय.

ड्रमकीरनच्या क्लबनं मला विकत घेतलं. तिथलं मैदान म्हणजे एक उतरतं कुरण. सरावाआधी गाई हाकलायच्या, शेण बाजूला करायचं, मग खेळ. आमचा खेळ म्हणजे आयर्लंडचा आपला फुटबॉल, गेलिक. यात मला हातातही घेतात आणि लाथाही घालतात. पळता पळता मला पायावर सोडायचं, पायानं उडवून पुन्हा हातात घ्यायचं, मागून कुणीतरी खांद्यानं ढकलत असताना. दोन उंच खांब, मध्ये आडवी दांडी. दांडीखालून जाळ्यात गेलो तर गोल. दांडीवरून, पण खांबांच्या मधून गेलो तर पॉइंट. खांबाच्या बाहेरून गेलो तर वाइड, म्हणजे शून्य आणि वर शिव्या.

या संघात मॅलकी हेरेटी नावाचा गडी होता. लाल केस, लांब हात, बोलणं कमी. दिवसभर गुरं, संध्याकाळी मी. पगारबिगार आमच्या खेळात कुणालाच नसतो. सामना जिंकून आला तरी गाई म्हणत नाहीत की बस जरा, आज आमचं आम्ही दूध काढतो. तरी मॅलकी अंधार पडेपर्यंत मला गोठ्याच्या भिंतीवर मारत बसायचा. आकाशातून मी खाली यायचो, खाली दहा हात वर आलेले असायचे, आणि त्या सगळ्यांच्या वर मॅलकीचे दोन. मला पकडताना तो अंगठे माझ्या शिवणीवर टेकवायचा. एवढ्या हातांमधून गेलोय मी, पण आपल्याला विचारून पकडणारा तो एकच.

एका उन्हाळ्यात तो जिल्ह्याच्या संघातही खेळला. लोक त्याला बघायला सायकली मारत यायचे. मग त्याचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, हे वर्ष खेळ आणि थांब. त्यानं फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं होतं. तिचं नाव डिम्पना. तोंडाची फटकळ आणि ब्लॅकबेरीचा टार्ट करण्यात अख्ख्या जिल्ह्यात नंबर एक. वर खुसखुशीत पारी, आत जांभळा रस. तो टार्ट पुढे आपल्या कहाणीत येणार आहे म्हणून नीट लक्षात ठेवा.

त्याच वर्षी ड्रमकीरन जिल्ह्याच्या फायनलला पोचलं. समोर लिसनाबो.

मी त्या सामन्याचा चेंडू नव्हतोच. सामन्याला नवाकोरा चेंडू आणला होता, चकचकीत, गर्विष्ठ. दुसऱ्या हाफमध्ये तो काटेरी कुंपणात गेला आणि ओरडत बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला, हवा गेली त्याची. मग ड्रमकीरनच्या पिशवीतून मला बाहेर काढलं. मॅलकीनं मला बघितलं आणि हसला. सबंध सामन्यात तेव्हा पहिल्यांदा हसला तो.

आता व्हिलन. प्रत्येक खांबापाशी पांढरा कोट घातलेला एक पंच उभा असतो. पॉइंट झाला की पांढरा झेंडा हलवायचा, वाइड गेला की दोन्ही हात पसरायचे. कोंबडीला शिकवलं तर कोंबडीही करील. हे पंच रेफरी आपल्या गाडीत घालून स्वतःच आणतो, त्यामुळे कुणी मावसभाऊ असतो, कुणी साडू, कुणी नुसताच शेजारी. आमच्या रेफरीनं आणलेला मावसभाऊ म्हणजे फिन्टन लॅव्हिन. बाजारपेठेत त्याचं हार्डवेअरचं दुकान. गोल चेहरा, गुळगुळीत दाढी, आणि खाण्याचा महाशौकीन. पांढरा झेंडा त्याच्याकडे होता.

त्याच्या मागेच चहाचा तंबू होता आणि तंबूत डिम्पना. पूर्ण दुसरा हाफ फिन्टनची मान मागे. पुढे बघायला त्याला पगार नव्हता हे खरं, पण मागे बघायलाही नव्हता. सामना संपत आला तेव्हा डिम्पना भट्टीतून काढलेला टार्टचा मोठा तुकडा घेऊन आली.

"घ्या, पंच. गरम आहे तोवर खा. नंतर म्हणाल थंड दिला."

"तुमच्या हातचं थंडही चालेल," फिन्टन म्हणाला.

"बघा हां, भाजेल."

आणि भाजलंच. त्यानं तुकडा या हातातून त्या हातात नाचवला, फू फू केलं, आणि शेवटी सरळ झेंड्याचं कापड त्याच्याभोवती गुंडाळलं. काठी काखेत, पुरचुंडी पोटाशी. दिसायला असा दिसत होता की पोर घेऊन नामकरणाला निघालाय.

तेवढ्यात रेफरीची शिट्टी. ड्रमकीरनला फ्री किक. आम्ही एका पॉइंटनं मागे. वेळ संपलेली. ही गेली आत तर बरोबरी आणि पुढच्या रविवारी पुन्हा सामना. नाही गेली तर कप लिसनाबोचा.

जागा अवघड होती, पार डाव्या कडेला. वारा उलटा. मॅलकीनं मला गवतावर ठेवलं, शिवण वर केली, आणि पुटपुटला, "चल."

मित्रांनो, त्या किकबद्दल मी खोटं बोलणार नाही. मी आयुष्यात इतका सुरेख उडालो नाही. आधी बाहेरच्या बाजूला गेलो, लोकांनी तोंडावर हात घेतले, मग वाऱ्यावर वळलो आणि फिन्टनच्या खांबाला चाटून, आतून, दांडीवरून गेलो. आतून! खांबाचा गारवा मला अजून डाव्या कुशीला आठवतो. मी वरून खाली बघितलं. फिन्टननंही वर बघितलं. आमची नजरानजर झाली. त्यानं मला आत जाताना बघितलं होतं.

मग त्यानं काखेतल्या काठीकडे बघितलं. पोटाशी धरलेल्या पुरचुंडीकडे बघितलं. झेंडा हलवायचा तर पुरचुंडी सोडायला हवी. पुरचुंडी सोडली तर अख्ख्या जिल्ह्यासमोर, रेफरीसमोर, आणि मुख्य म्हणजे डिम्पनासमोर तो जांभळा लगदा हवेत उडणार. रेफरी ओरडला, "काय रे फिन्टन? काय होतं?"

फिन्टननं पुरचुंडी गपकन कोटात सारली आणि दोन्ही हात पसरले.

वाइड.

दुसऱ्या खांबाचा पंच म्हणाला, तुझ्या बाजूला होता, तुला दिसलं असेल. रेफरी म्हणाला, पंच म्हणतो तसं. तिरपा चेंडू, डोळ्यावर ऊन, कडेच्या लोकांना काय कळणार? निम्मे म्हणाले आत, निम्मे म्हणाले बाहेर, आणि लिसनाबोचे सगळेच्या सगळे मैदानात नाचायला आले. मॅलकी गुडघा धरून गवतात बसला होता. तो उठला, लंगडत लिसनाबोच्या कॅप्टनकडे गेला, हात मिळवला. भांडला नाही. आमच्याकडे पंचानं हात पसरले की विषय संपतो. पण माझ्याकडे त्यानं एकदा बघितलं. पायाला कळतं हो. किक मारणाऱ्याच्या पायाला चेंडूच्याही आधी कळतं.

सामन्यातली त्याची ती शेवटची किक.

आणि मी? मी तंबूमागे गवतात पडलो होतो. या गर्दीत फिन्टननं मला उचललं, कोटाखाली घातलं आणि गाडीत टाकलं. आठवण म्हणून! तिथे माझ्या शेजारी बसून त्यानं तो टार्ट खाल्ला. बोटं चाटत. अर्धा चुरा माझ्या अंगावर. त्याच क्षणी मी ठरवलं, बेट्या, तुला नाही सोडत.

पुढचा हिवाळा संपायच्या आत त्या माणसानं डिम्पनाला मागणी घातली आणि ती हो म्हणाली. म्हणजे ज्यानं आमच्या मॅलकीला बुडवलं तोच मॅलकीचा दाजी झाला. लग्नाच्या जेवणात भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, "ड्रमकीरनचे लोक किक मारतात बाहेर, पण पोरी देतात नेमक्या माणसाला!" हशा पिकला. "आमच्या मेव्हण्यांना मी आता वाइडराव म्हणणार. चालेल ना, वाइडराव?"

मॅलकीनं ग्लास उचलला. बहिणीच्या लग्नात दुसरं काय करणार?

आमच्याकडे टोपणनाव चिकटलं की चिकटलं. ते कबरीच्या दगडावर लिहीत नाहीत एवढंच, बाकी सगळीकडे जातं. गुरांच्या बाजारात वाइड. प्रार्थनेला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला तरी, सरका जरा, वाइडला बसू द्या. दाराच्या चौकटीला गाडी घासली तर, साहजिकच आहे, वाइड चालवत होता. आकाशातून चेंडू उतरवणारा तो माणूस, जिल्ह्याच्या संघातला तो उन्हाळा, गोठ्याच्या भिंतीवरच्या त्या सगळ्या संध्याकाळी, सगळ्यावर एका शब्दाचं झाकण बसलं. क्लबनं पोरांना शिकवायला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "मी काय शिकवणार? बाहेर कसं मारायचं?" आणि गेला नाही. पुन्हा मैदानात पायच ठेवला नाही त्यानं.

फिन्टननं मला दुकानात गल्ल्याच्या वरच्या फळीवर ठेवलं. गिऱ्हाईक खिळे घ्यायला येवो नाहीतर कुलूप, तो माझ्याकडे बोट दाखवणार. "हाच तो. माझ्या खांबापासून इतका लांब गेला." हातानं दाखवायचा. पहिल्या वर्षी वीतभर दाखवायचा. पुढे हातभर झालं. मग दोन्ही हात लागायला लागले. मी जर अजून काही वर्षं तिथे राहिलो असतो तर त्याच्या हिशेबानं समुद्रात पडलो असतो.

पण मी शत्रूच्या घरात आहे म्हणजे शत्रू माझ्या टप्प्यात आहे, हे त्या गाढवाच्या लक्षात आलं नाही. चेंडूला काय करता येतं? गोल असणं आणि गडगडणं. एवढं पुरतं, मित्रांनो. ज्याला सूड घ्यायचाय त्याला एक उतार बास होतो. एकदा बिशप स्वतः दुकानात आले होते, पडद्याच्या दांड्या बघायला. फिन्टन कमरेत वाकून वाकून बोलत होता. मी फळीवरून अलगद निघालो आणि उघड्या पांढऱ्या रंगाच्या डब्यात बसलो. धप्पकन. बिशपचे काळे बूट पांढरे. "मुला," बिशप म्हणाले, "तुझ्या दुकानात सैतान आहे." मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. दुसऱ्या वेळी तो शिडीवर आणि मी शिडीच्या पायाशी. बाकी सांगत नाही. उंदराच्या सापळ्यांच्या खोक्यावर बसला तो, एवढंच सांगतो.

डिम्पना म्हणायची, "फेकून दे ना तो चेंडू. अपशकुनी मेला."

"फेकतोय? आपलं लग्न जमवलंय त्यानं!"

हे सगळं झालं, पण त्यानं माझं पोट भरेना. मॅलकी दर नाताळला बहिणीकडे जेवायला यायचा, वर जायचा जिना दुकानातूनच होता. तो माझ्याकडे एकदा बघायचा आणि मान खाली घालून जिना चढायचा. एकदाही त्यानं हात लावला नाही मला. बिशपचे बूट रंगवून त्याचं काय भलं झालं होतं?

मग लिसनाबोच्या त्या कपाचा रौप्यमहोत्सव आला.

आमच्याकडे जिंकलेल्या संघाला पंचवीस वर्षांनी पुन्हा मैदानात उभं करतात. पोटं सुटलेली, केस गेलेले, छातीवर फूल. सगळे हात हलवतात, लोक टाळ्या वाजवतात. लिसनाबोनं आपल्याच मैदानावर मोठा घाट घातला. तंबू, चहा, मायक्रोफोन. त्यांचा जुना कॅप्टन कोनल स्कॅनलन आता इतका रुंद झाला होता की जिंकलेला संघ एकटाच वाटत होता. फिन्टनला त्यांनी खास बोलावलं. तो जुना पांढरा कोट चढवून आला, बटणं लागत नव्हती. बगलेत मी. डिम्पना टार्ट घेऊन आली होती आणि मॅलकीलाही बरोबर ओढून आणलं होतं. "चल रे, लोक विसरले ते. नुसता चहा पिऊ," म्हणाली.

लोक कसले विसरतायत? कोनलनं मायक्रोफोन हातात घेतला.

"मंडळी! आज आपल्यात वाइडसुद्धा आलाय! उठ रे वाइड! तोच चेंडू आहे, तोच पंच आहे. तुला अजून एक संधी देतो. ये, परत मार ती किक! आत गेली तर... तर आमच्या खर्चानं चहा!"

सगळे ओरडायला लागले. वाइ-ड! वाइ-ड!

डिम्पनाचा चेहरा उतरला. तिनं मॅलकीची बाही धरली. "नको जाऊस. घरी जाऊ. हसतील रे."

"पंचवीस वर्षं हसतायत की," मॅलकी म्हणाला. "अजून दोन मिनिटं हसू देत." आणि कोट काढून तिच्या हातात दिला.

फिन्टननं मला त्याच्याकडे टाकलं. मॅलकीनं झेललं. अंगठे शिवणीवर आले. पंचवीस वर्षांनी! माझं कातडं सुकून तडकलं होतं, त्याचे हात सुजले होते, पण जागा तीच सापडली. त्यानं मला तोंडाजवळ नेलं आणि हळूच विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?"

मी काय सांगू? मला बोलता आलं असतं तर त्या मैदानावर मी गाईसारखा हंबरलो असतो.

त्यानं मला डाव्या कडेला ठेवलं. चार पावलं मागे गेला, लंगडत. फिन्टन खांबापाशी उभा होता, झेंडा या खेपेला मोकळा, सरळ हातात. त्याच्या चेहऱ्याकडे मी नीट बघितलं. तो घामाघूम झाला होता. हसत होता, पण ओठ कोरडे. आणि मला कळलं की हा आज झेंडा हलवणार. मी कुठूनही गेलो तरी हलवणार. जुनं ओझं फुकटात उतरवून टाकायला बघत होता, लबाड!

मॅलकीनं मारलं. किक चांगली होती. गुडघा गेलेला, तरी चांगली. मला आत जाता आलं असतं. सगळ्यांना वाटत होतं तसं करता आलं असतं. टाळ्या, अश्रू, मॅलकीच्या खांद्यावर हात, झालं गेलं संपलं, आणि फिन्टन मोकळा. आयुष्यभराची चोरी एका झेंड्यात माफ.

मी म्हटलं, नाही.

हवेतच मी ठरवलं आणि बाहेर निघालो. वारा होताच, त्याचा हात धरला. खांबाच्या चांगला हातभर बाहेरून गेलो. आंधळ्याला दिसावं असा. हा जुगार होता, मित्रांनो, आणि डावावर माझं काहीच नव्हतं, सगळं मॅलकीचं होतं. तो गप्प बसला तर मी त्याला खोट्या वाइडच्या जोडीला एक खोटा पॉइंट देऊन बसणार होतो. आणि लोक म्हणाले असते, वाइड तो वाइडच, दाजीनं दया केली. पण मी त्या माणसाच्या पायाखाली वाढलेला. माझा त्याच्यावर भरवसा होता.

मी पडलो. मागे वळून बघितलं. फिन्टन दोन्ही हातांनी पांढरा झेंडा हलवत होता. जोरजोरात, डोळ्यांत पाणी आणून. "पॉइंट! पॉइंट!"

खांबाजवळच्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण टाळ्या सुरू झाल्या. मन मोठं करायला लोकांना आवडतं, विशेषतः चहा फुकट असतो तेव्हा. कोनलनं मॅलकीला मिठी मारली. "झाला रे झाला! आता तुला वाइड म्हणणार नाही कुणी!"

मी गवतात पडून मोजत होतो ते माझे श्वास होते की मॅलकीचे, देव जाणे. तो झेंड्याकडे बघत होता. ज्या झेंड्याची त्यानं पंचवीस वर्षं वाट बघितली तो समोर हलत होता. घेतला असता तर कुणी काही म्हणणार नव्हतं.

त्यानं कोनलच्या हातातून मायक्रोफोन घेतला.

"हा वाइड होता," तो म्हणाला.

टाळ्या थांबल्या.

"असू दे रे," फिन्टन झेंडा हलवतच म्हणाला. "आत होता. मी पंच आहे ना? मी सांगतोय!"

"दाजी, चेंडू खांबाच्या हातभर बाहेरून गेला. तिकडे कुंपणापलीकडे गाय चरतेय, तिनंही मान वळवून बघितलं."

लोक हसले. फिन्टनचा झेंडा जरा खाली आला.

"मी मारलाय. मला कळतं," मॅलकी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "हा बाहेर गेला आणि तुम्ही झेंडा उचललात. मग मला एवढंच सांगा, त्या दिवशीचा आत गेला होता, तेव्हा का नाही उचललात?"

फिन्टननं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पळायला जागा नव्हती. एकदा खोटा झेंडा हलवलेला माणूस दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं शपथ घेणार? यालाच म्हणतात सापळा. खोक्यातले सापळे लहान होते, हा मोठा.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "झेंडा मोकळा नव्हता."

"म्हणजे?" कोनल ओरडला.

"झेंड्यात... टार्ट होता."

"काय होता?"

"टार्ट! ब्लॅकबेरीचा! गरम होता, हात भाजत होते, म्हणून गुंडाळला! झेंडा हलवला असता तर सगळं... सगळ्यांसमोर..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. आधी एकजण हसला, मग सगळं कुरण हसलं. एक म्हातारा हसता हसता खुर्चीसकट मागे पडला. पण एक बाई हसत नव्हती.

"कुणाचा टार्ट?" डिम्पना पुढे आली. हातात मॅलकीचा कोट तसाच.

"अगं, ऐक..."

"कुणाचा टार्ट, फिन्टन?"

"तुझा."

"मी ड्रमकीरनची पोर. माझा सख्खा भाऊ गुडघा फोडून किक मारतोय आणि त्याचा पॉइंट माझ्याच टार्टनं खाल्ला? आणि तोच टार्ट गिळून मला मागणी घालायला आलास? वर माझ्याच भावाला माझ्याच लग्नात वाइडराव?" तिनं तंबूकडे बोट केलं. "तो आज आणलेला टार्ट आहे ना, त्यातला चुरा जरी तोंडात गेलेला दिसला तर बघ. आज काय, जन्मात नाही मिळणार तुला!"

मित्रांनो, मी फिन्टनचा चेहरा बघितला. इतकी वर्षं मी शिड्या, रंगाचे डबे, असले प्रकार करत बसलो होतो. खरी शिक्षा या बाईच्या भट्टीत होती, हे मला सुचलं नव्हतं. माझ्यापेक्षा ती मोठी कलावंत.

कोनल घाईघाईनं म्हणाला, "हे बघा, कप काही परत मिळणार नाही हां! आमची बायको त्यात छत्र्या ठेवते."

"कप ठेव," मॅलकी म्हणाला. "चेंडू माझा आहे." तो लंगडत कुंपणापर्यंत आला, मला उचललं, कोटाखाली घातलं नाही, सगळ्यांना दिसेल असं हातात धरलं आणि चालू लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "वाइड, चहा तरी पिऊन जा!" तो वळला आणि मोठ्यानं हसला. टोपणनाव गेलं नाही, आमच्याकडे जात नाही. पण त्या दिवसापासून त्याचा अर्थ फिरला. नवी पोरं विचारतात, याला वाइड का म्हणतात? तर उत्तर मिळतं, मिळालेला पॉइंट यानं सगळ्यांसमोर परत केला, म्हणून. तो आता रविवारी त्याच पोरांना शिकवतो. आकाशातून चेंडू कसा उतरवायचा ते.

मी मॅलकीच्या स्वयंपाकघरात राहतो, खिडकीत, उबेला. आणि दर पंधरवड्याला दाजी येतात. डिम्पनानं तशी अटच घातली आहे. बसायचं, मला मांडीवर घ्यायचं, चरबी लावून चामडं पुसायचं, शिवणी तपासायच्या. मॅलकी समोर बसून टार्ट खातो. डिम्पना फक्त भावासाठी पाठवते. "छान झालाय हो, दाजी," तो म्हणतो, "रस जरा जास्त सुटलाय, झेंडा हवा होता." दाजी मान खाली घालून मला चोळतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे जुना चेंडू असेल तर त्याला अडगळीत टाकू नका. त्याला पुसा, तेलपाणी करा, हवा भरा. दया म्हणून सांगत नाही, तुमच्या भल्यासाठी सांगतोय. तुम्ही केलेलं आणि तुम्ही दडवलेलं, सगळं त्यानं वरून बघितलेलं असतं, आणि त्याला घाई नसते. माझ्या दाजींनाच विचारा. परवा ते माझ्या हवा भरायच्या तोंडाशी वाकून अगदी मन लावून पुसत होते. मी जरा तोंड सैल केलं आणि त्यांच्या नाकावर फुस्स केलं.

"मॅलकी," ते दचकून म्हणाले, "हा अजून रागावलाय रे माझ्यावर."

मॅलकीनं बोटं चाटली. "मग काय झालं?" तो म्हणाला. "नीट पुसा."